तिसऱ्या बटणाच्या खाली

दादा, तुझा बारावा काल झाला. फोटो मी केला. तुला तो आवडला नसता, हे आधीच सांगून टाकते. फोटोत तू डोक्यापासून पायांपर्यंत आहेस. शर्टाची सगळी बटणं आहेत, पॅन्टला गुडघ्यावर रंगाचा डाग आहे, पायांत चपला आहेत आणि त्यातल्या एकीचा अंगठा तुटलाय तोही दिसतो. कुठे ढग नाहीत, कुठे निळं धुकं नाही. फक्त डाव्या बाजूला थोडं तुझ्या पद्धतीचं काम करावं लागलं. ते का, ते पुढे सांगते. आधी माझा राग ऐकून घे. आता मध्येच उठून चहा सांगायला जाता येणार नाही तुला.

गेले बारा दिवस मी तुझ्यावर चिडलेली आहे आणि हे कोणाला सांगायची सोय नाही. लोक येतात, माझ्या हातावर हात ठेवतात, "उल्हासभाऊ म्हणजे देवमाणूस गो," म्हणतात. मी मान हलवते. देवमाणसाने दुकानातल्या कॉम्प्युटरवर फायलींना काय नावं दिली आहेत ते त्यांना माहीत नाही. 'नवीन'. 'नवीन नवीन'. 'आता खरा'. 'आता खरा २'. 'सुनीक दाखवू नाका'. सुनी म्हणजे मी, म्हणून ही शेवटची मी उघडली. एका बारशाचा बॅनर निघाला, बाळाच्या नावाच्या एकेका अक्षराला सात-सात रंग. बरोबर आहे, नव्हतीच दाखवायची.

तू गेलास तो सोमवार. जेवून उठलास, हात धुवायला मागच्या दारी गेलास, आणि वहिनीने तांब्या पडल्याचा आवाज ऐकला. पुढचं मला पुन्हा लिहायचं नाही. माझं सुतक तीन दिवसांचं, लग्न झालेल्या बहिणीचं. तीन दिवस! इतकी वर्षं मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसून रोज तुझ्याशी वाद घातला, आणि शास्त्र म्हणतं तीन दिवस पुरे. चौथ्या दिवशी मी इब्रामपूरला माहेरी आले तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "बाराव्याचो फोटो तूंच कर. भायर कोणाक दिवं नाका." मी म्हटलं, करते. त्यात काय, रोजचंच काम आपलं.

तेवढ्यात तुझी मैथिली आतून आली. बारावीतली पोर, रडून रडून तोंड सुजलेलं, पण बोलणं तुझ्यासारखंच ठाम. "आत्ये, बाबाचो फोटो पायांसकट जाय. माथो खंय ठेवूं मगीर?"

पायांसकट पाहिजे, नाहीतर नमस्काराला डोकं कुठे टेकवू. त्या पोरीला काय माहीत, तिने कुठल्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं ते. आपल्या डिचोलीच्या फोटो-बॅनरच्या दुकानातून जेवढी गेलेली माणसं फ्रेमीत बसून बाहेर पडली त्यातल्या एकालाही पाय नाहीत. तू प्रत्येकाला तिसऱ्या बटणापर्यंत ठेवायचास आणि त्याच्या खाली फेड. म्हणजे शर्ट हळूहळू विरत जायचा आणि त्याच्या जागी आभाळ यायचं. बायकांना बटणं नाहीत म्हणून तिथे मंगळसूत्राच्या वाट्यांपर्यंत. फौजेतून निवृत्त झालेला असो, भाजी विकणारी असो, सगळे एकाच उंचीवर विरघळायचे. मी म्हणायचे, अरे, तो माणूस आयुष्यभर शेतात उभा राहिला, त्याला निदान उभा तरी दाखव. तू स्क्रीनवरून नजर न काढता म्हणायचास, "सुनी, कापिल्लो मनीस बरो दिसना गो. मनीस असो रेघ मारून सोंपना." माणूस रेघ मारून संपत नाही म्हणे. मग तिसऱ्या बटणाशीच का संपतो, याचं उत्तर तू कधी दिलं नाहीस.

एकदा नाही का तो माणूस आला होता, बापाचा फोटो घरी नेऊन परत घेऊन आलेला? काउंटरवर फ्रेम उभी केली आणि विचारलं, "पाय खंय? आमी बापायच्या पायांक हात लायतात. ह्या कुपांक लावं?" कुपां म्हणजे ढग. मी खाली वाकून हसू लपवलं. तू अगदी शांतपणे त्याला समजावलंस की स्वर्गात पाय दिसत नाहीत. स्वर्गात पाय दिसत नाहीत! इतक्या खात्रीने सांगितलंस की तो बिचारा फ्रेम उचलून घेऊन गेला. मी दिवसभर तुझ्याशी बोलले नाही.

पण खरं सांगायचं तर तुझा तो फेड कोणालाच जमत नव्हता, मलाही नाही. आणि तो कुठून आला तेही मला ठाऊक होतं. खाणी चालू होत्या तेव्हा तू ट्रक रंगवायचास. डिचोलीच्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक रांगेने उभे असायचे आणि तू त्यांच्या कपाळावर मालकाच्या मुलांची नावं काढायचास. अक्षर वर लाल, खाली पिवळं, आणि लाल नेमकं कुठे संपलं ते शोधून दाखवावं. जुन्या लुंगीचा तुकडा अंगठ्याला गुंडाळून तू ओला रंग खाली ओढत आणायचास. मी शाळेतून येताना उभी राहून बघायचे. खाणी बंद झाल्या, ट्रक लोकांच्या अंगणात उभे राहिले, टपांवर गवत उगवलं, आणि रंगवायला कोणी येईना. मी तेव्हा कॉम्प्युटरचा कोर्स करून घरी बसले होते. तू आलास आणि म्हणालास, दुकान घालूया. मी यंत्र चालवणार, तू डिझाइन सांगणार. आठवड्याभरात माउस तुझ्या हातात होता आणि मी शेजारी बसून तुला शिव्या देत होते.

पुढे माझं लग्न झालं, आणि सासरी ते दुकान नकोच होतं. सुनेने बाजारात बसून मयतांचे फोटो करायचे, हे त्यांना कसंतरीच वाटायचं. तू कोणाशी एका शब्दाने वाद घातला नाहीस. रोज सकाळी इब्रामपूरहून मोटारसायकलवर यायचास, आमच्या दारात उभा राहून हॉर्न वाजवायचास आणि मी बाहेर येईपर्यंत गाडी बंद करायचा नाहीस. पावसात, उन्हात, चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, जा बाई, तो धूर तरी थांबेल. माझ्या आयुष्यात जे काही माझं म्हणून आहे, ते त्या हॉर्नमुळे आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसला असतास.

आपलं मोठं भांडण मात्र पायांवरून नव्हतं. ते खोडरबरावरून होतं.

हे उद्या दुसऱ्या कोणी वाचलं आणि त्याने हे काम केलेलं नसेल, तर त्याच्यासाठी सांगते. फोटोची कड विरवायच्या दोन रीती आहेत. एक दादाची. मऊ कडेचा खोडरबर घ्यायचा आणि फोटोच पुसत जायचं. पुसलेलं गेलं, ते परत येत नाही. दुसरी माझी. फोटोवर मास्क घालायचा. मास्क म्हणजे न दिसणारं कापड समजा. त्यावर काळा रंग ओढला की खालचा फोटो झाकतो, पांढरा ओढला की दिसतो, आणि काळ्यातून पांढऱ्याकडे ग्रेडियंट ओढला की फोटो हळूहळू विरताना दिसतो. पण खाली फोटो शाबूत असतो. मन बदललं तर कापड काढलं की झालं. साधी गोष्ट आहे. मी तुला ती शंभरदा दाखवली. तू शंभरदा म्हणालास, "पुसलें तें पुसलें. लिपोवन कित्याक दवरतात?" पुसायचं तर पुसा, लपवून कशाला ठेवायचं. वर मला ऐकवायचास की ज्याला ठरवता येत नाही त्याला मास्क लागतो.

बरं, पुसायचास तर पुसायचास, निदान पुसलेली फाईल वेगळ्या नावाने तरी ठेवायची! नाही. त्याच फायलीवर सेव्ह. लोकांच्या एकुलत्या एका फोटोचा आपण स्कॅन काढायचो, आणि तू त्याच स्कॅनवर खोडरबर फिरवून, सगळं एकजीव करून सेव्ह करायचास. 

आणि कधी माझ्याकडून शिकलास तर ते मान्य करायची पद्धत नव्हती तुझी. त्या कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा मोठा बॅनर आठवतो? स्क्रीनवर निळा रंग वरून खाली कसा सुरेख उतरला होता. म्हापशाहून फ्लेक्स छापून आला आणि उलगडला तर गादीच्या खोळीसारखे पट्टे. निळा, त्याहून फिका निळा, त्याहून फिका. तू छापणाऱ्याला फोन करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलास. मी तोवर शोधून काढलं की इतक्या मोठ्या जागेत रंग पसरला की मधल्या छटा पुरत नाहीत, त्यावर अगदी बारीक दाणे टाकायचे, रवा भुरभुरावा तसे, मग पट्टे मोडतात. टाकले, पुन्हा छापलं, आणि आभाळ सलग आलं. तू फ्लेक्सवरून हात फिरवलास आणि म्हणालास, "ट्रकाक हांव कोरडो ब्रश मारतालों, तेंच हें. तुका सांगूंक नाशिल्लें?" सांगितलं नव्हतंस! कधीच नव्हतं सांगितलंस! पण दुसऱ्या दिवसापासून येईल त्या गिऱ्हाइकाला तू ती युक्ती स्वतःची म्हणून सांगायला लागलास.

आता हळर्णच्या पार्वतीकाकूंचं सांगते. तुझ्यासमोर हा विषय मी फक्त एकदा काढला होता आणि तू उठून बाहेर गेला होतास.

काकूंनी नवऱ्याचा फोटो आणला होता. एकच होता घरात. हळर्णच्या किल्ल्याच्या वाटेवर त्यांचं कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, तिथे काका उभे, आणि पायांशी ठेवलेला भलामोठा फणस. तू नेहमीप्रमाणे स्कॅन केलास, तिसऱ्या बटणाखाली सगळं पुसलंस, आभाळ घातलंस, सेव्ह केलंस. फ्रेम झाली, काकू घेऊन गेल्या, मूळ फोटोही घेऊन गेल्या. दीडेक वर्षाने परत आल्या. मूळ फोटो त्यांनी घरी काचेखाली ठेवला होता, ओल धरली, काचेला चिकटला, काढताना सोलून निघाला. म्हणाल्या, तुमच्या कॉम्प्युटरात असेलच की, परत एक काढून द्या. फणसासकट. तो फणस काकांनी लावलेल्या झाडाचा पहिला होता, आणि तो उतरवल्यानंतर महिन्याभरात काका गेले होते.

तू फाईल शोधलीस. सापडली. उघडलीस. तिसरं बटण, आणि त्याच्या खाली आभाळ.

मी बोलू शकले असते. माझ्या तोंडाशी आलं होतं. पण तुझी खाली गेलेली मान बघितली आणि काकूंना खुर्ची पुढे केली. काकूंनी बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आसूं दी रे पुता. तूं तरी किते करतलो." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तू त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायला गेलास. परत आलास तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणालास, दुपारचे बॅनर कुठे आहेत. दोन दिवस तू धड जेवला नाहीस, ते मला वहिनीने सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी तुला म्हटलं, दादा, मास्क वापरला असता तर. तू उठून बाहेर गेलास. आठवड्याने पुन्हा सगळं पूर्ववत. मी मास्क म्हटलं की तू म्हणणार, पुसलें तें पुसलें. इतका हट्टी माणूस मी जगात पाहिला नाही. त्या बाईचा फणस गेला आणि तू तुझा हट्ट सोडला नाहीस, असं मी धरून चालले. गेली तीन वर्षं हे माझ्या मनात तुझ्याविरुद्ध होतं. थोडं थोडं, पण रोज.

तर आता तुझा फोटो. पायांसकट.

आधी घरातले सगळे फोन पाहिले. तुझे फोटो म्हणजे नुसता चेहरा, तोही अर्धा, कारण फोन कायम तुझ्याच हातात. लग्नाच्या अल्बमात तू आहेस, पण पंचवीस वर्षांपूर्वीचा. तो लावला असता तर मैथिलीला आपण कोणासमोर वाकतोय तेच कळलं नसतं. बाकी सगळीकडे तू फोटो काढणारा, फोटोत नसणारा. अलीकडचा बरा असा एकच सापडला. चतुर्थीच्या शुभेच्छांच्या बॅनरवर तू तुझा लावला होतास तो. त्यात तुझा चेहरा सुरेख आला होता. तिसऱ्या बटणापर्यंत. त्याच्या खाली गुलाबी.

आठव्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर उघडून मी आत बसले ती दात-ओठ खात. तुझ्या खुर्चीत बसले, कारण त्याच कॉम्प्युटरवर ती फाईल होती. मला माहीत होतं काय दिसणार ते. सगळं एकजीव, सगळं पुसलेलं. स्वतःच्या पोरीला नमस्काराला पाय ठेवले नाहीत या माणसाने. मी मोठ्याने बोलत होते बहुतेक, कारण शेजारचा चपलावाला शटरखालून डोकावून गेला.

चतुर्थीचा बॅनर 'आता खरा २' मध्ये होता. ती उघडली. आणि बाजूच्या पट्टीत तुझ्या फोटोच्या शेजारी मास्कचा छोटा चौकोन.

मला वाटलं, चुकून झालं असेल. दुसरी फाईल उघडली. मास्क. तिसरी. मास्क. मी मागे मागे जात राहिले. प्रत्येक फोटोवर मास्क, प्रत्येक मूळ फोटो खाली शाबूत, प्रत्येक म्हातारा चपलांपर्यंत पूर्ण. थेट तीन वर्षं मागे. पार्वतीकाकू फणस मागायला आल्या त्याच आठवड्यापर्यंत. त्याच्या आधी खोडरबर, त्याच्या नंतर एकदाही खोडरबर नाही.

दादा, मला इतका राग आला की डोळ्यांतून पाणी आलं. तीन वर्षं! मी तुझ्यापासून चार फुटांवर बसले होते. मी मास्कचं नाव काढलं की तू मान हलवून तेच जुनं वाक्य म्हणायचास, आणि मी पाठ वळवली की माझ्याच पद्धतीने काम करायचास. माझ्या नकळत. एकदा म्हणाला असतास, सुनी, तुझं बरोबर होतं. चार शब्द. मी लगेच विषय बदलला असता, चहा मागवला असता, तुला काही झालं नसतं. मी तीन वर्षं तुला मनातल्या मनात निष्काळजी म्हणत राहिले आणि तू ते म्हणू दिलंस. हे मी कोणाजवळ फेडू आता?

खूप वेळाने मी मास्क बंद केला. गुलाबी गेलं आणि पूर्ण फोटो समोर आला.

मैथिलीने आपल्या दुकानाच्या कॅमेऱ्याने काढलेला, दुकानाच्या दारात, एका रविवारी. तू उभा आहेस, चपलेचा अंगठा तुटलेला, आणि अगदी मनापासून हसतोयस. मान जरा डावीकडे वळलेली. आणि डावीकडे मी. तोंड उघडं, भुवया कपाळात, बोट तुझ्या बाहीला जवळजवळ टेकलेलं. मी ओरडतेय तुझ्यावर. कशावरून, ते खूप आठवलं, आठवत नाही. तूच काहीतरी केलं असणार. आणि तू हसतोयस. चिडवायला म्हणून नाही. मी ज्या हसण्याला कायम चिडवणं समजत आले, ते बाहेरून असं दिसतं, हे मला माहीतच नव्हतं. मी नेहमी ओरडण्याच्या बाजूला असायचे ना.

पाय होते. चेहरा होता. हवा होता तो फोटो मिळाला होता. आता त्यातून मला काढायचं होतं.

कारण आपला नियम. जिवंत माणसाला मेलेल्याच्या फ्रेमीत घेत नाहीत. लग्नातल्या घोळक्याच्या फोटोंतून आपण किती माणसं अशी सुटी केली असतील. खांद्यावर कोणाचा तरी हात असायचा, कडेवर कोणाचं तरी मूल असायचं. आईनेच आपल्याला सुरुवातीला बजावलं होतं, जिवंत मनशाची सावळीसुद्धा येतां कामा नये. मी आजवर सगळे हात स्वच्छ कापले. इथे मात्र कापता येईना. माझं बोट तुझ्या बाहीवर असं होतं की रेघ मारली तर तुझा दंडच गेला असता. मग तुझा फेड. मास्क घेतला, डावीकडून ग्रेडियंट ओढला, बोटाजवळ मऊ ब्रशने काळा रंग थोडा थोडा आत नेला, जिथे बाही सुरू होते तिथे सोडला. चार वेळा बिघडलं. पाचव्या वेळी तू कसा करायचास ते आठवलं. कडेला सुरुवात करायची नाही, कडेच्या बऱ्याच आधी करायची आणि बरंच पुढे जाऊन सोडायची, म्हणजे कुठे सुरू झालं ते कळत नाही. तसं केलं आणि मी गेले. आधी चेहरा गेला, मग खांदा, मग बोट. वर बारीक दाणे टाकले. कोणालाही कळलं नसतं तिथे कोणी होतं ते.

काल फोटो ओट्यावर मांडला. मैथिली आली, खाली बसली आणि काचेवर, तुझ्या चपलेच्या त्या तुटक्या अंगठ्यापाशी कपाळ टेकून बराच वेळ राहिली. वहिनीने तोंड पदरात लपवलं. येणारे जाणारे म्हणत होते, काय प्रसन्न हसलाय, जणू देव समोर दिसतोय. 

माणसं जेवून पांगली तेव्हा दुपार कलली होती. आई इतके दिवस आतल्या खोलीतून बाहेर आली नव्हती. मुलाचा बारावा बघायला लागू नये कुठल्याच आईला. मी तिला धरून ओट्यावर आणलं. तिला आता धड दिसत नाही, तिने तोंड काचेच्या अगदी जवळ नेलं आणि बोटांनी चाचपत तुझा चेहरा शोधला. मग तिचं बोट तुझ्या नजरेच्या दिशेने डावीकडे सरकत गेलं, मी जिथे होते तिथपर्यंत, आणि थांबलं.

"हो कोणाक हांसता गो?"

"माका," मी म्हटलं. मैथिलीने फोटो कसा काढला, मी कशी ओरडत होते, सगळं सांगितलं.

"मगीर तूं खंय आसा?"

मी म्हटलं, आई, तूच सांगितलं होतंस ना, जिवंत माणसाला घ्यायचं नाही. म्हणून काढलं मी मला.

आईने पदराने तेवढी काच पुसली. मग म्हणाली, "तें लोकांच्या फोटोंक. तो एकटोच कसो हांसतलो?"

दादा, तुझ्याकडे यावर एव्हाना तीन उत्तरं तयार असती, तिन्ही चुकीची, पण असती.

आज सकाळी दुकान पूर्ण उघडलं. फाईल उघडली, मास्क बंद केला आणि आईसाठी एक प्रत काढली, तिच्या उशाशी राहील एवढी. फेड नाही, ढग नाहीत, नियम नाही. तू हसतोयस आणि मी तुझ्यावर ओरडतेय, दोघंही पूर्ण. लोक अपशकुन म्हणतील, म्हणोत. संध्याकाळी नेऊन देणार आहे. तुला पटत नसेल तर ये, आणि भांड माझ्याशी.